नवा मासा टँकमध्ये सोडताना: ठाणे-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा मासा आठवडाभरात मेला की पहिला संशय दुकानदारावर जातो. कधी तो खराही असतो. पण दुकानातलं पाणी, पिशवीतलं पाणी आणि आपल्या टँकमधलं पाणी ही तीन वेगवेगळी पाणी आहेत, आणि मासा एका दिवसात या तिन्हींतून जातो. खालची बहुतेक उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात. गोंधळ नको म्हणून ‘टँक’ म्हणजे माशांचा आणि ‘टाकी’ म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरची, असे शब्द वापरले आहेत.

पिशवी पंधरा मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली की मासा सोडता येतो ना?

तेवढ्याने फक्त तापमान जुळतं. पीएच, विरघळलेले क्षार आणि अमोनिया हे तीन फरक तसेच राहतात, आणि मासे दगावतात ते बहुतेक या तिघांमुळे.

बंद पिशवीत काय चाललेलं असतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. मासा श्वास घेतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडत असतो. पीएच उतरलेला असेपर्यंत हा अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो आणि माशाला फारसा बाधत नाही. गाठ सोडली, हवा लागली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि अमोनियमचा पुन्हा अमोनिया होऊ लागतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. म्हणून तरंगवताना पिशवी बंदच ठेवा. गाठ सोडली की मग रेंगाळायचं नाही.

मग पाणी जुळवायला वेळ किती द्यायचा?

दोन गोष्टी बघा: मासा पिशवीत किती तास होता, आणि दोन्ही पाण्यांच्या टीडीएसमध्ये (विरघळलेल्या एकूण क्षारांच्या आकड्यात) किती फरक आहे.

मासा दोन-अडीच तासांत घरी आला असेल आणि टीडीएसचा फरक पन्नास-शंभरच्या आत असेल, तर २० मिनिटं बंद पिशवी तरंगवा, मग अर्ध्या तासात तीन-चार वेळा थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला आणि सोडा. फरक १०० ते ३०० असेल तर तास-दीड तास ठिबक लावा, म्हणजे टँकचं पाणी थेंब थेंब घाला. फरक त्याहून मोठा असेल तर एका बैठकीत ते जुळत नाही. माशाचं शरीर क्षारांचा समतोल नव्याने बसवायला काही दिवस घेतं. त्याची रीत पुढे टँकरच्या पाण्याच्या प्रश्नात दिली आहे.

दिशाही महत्त्वाची आहे. हलक्या (कमी क्षारांच्या) पाण्यातून जड (जास्त क्षारांच्या) पाण्यात गेलेला मासा बऱ्याचदा सावरतो. जड पाण्यातून एकदम हलक्या पाण्यात आलेल्याच्या अंगात पाणी शिरत राहतं, ते बाहेर टाकता टाकता त्याचे क्षारही जातात. असा मासा पहिल्या दिवशी बरा दिसतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोपऱ्यात पडलेला सापडतो. आपल्याकडचं नळाचं पाणी हलकं असल्यामुळे इथे हाच प्रकार जास्त घडतो.

ठिबक लावायची पद्धत नीट सांगाल का?

सामान फार नाही: एअर पंपची ४-५ फूट नळी, तिच्यावर बसणारा छोटा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह, ५ लिटरची स्वच्छ बादली (जिला कधीही साबण किंवा फिनेल लागलेलं नाही अशी), थर्मामीटर आणि टीडीएस मीटर.

टँकचा दिवा बंद करा. बंद पिशवी २० मिनिटं तरंगवा. मग गाठ सोडून मासा त्याच्या पाण्यासकट बादलीत ओता. पाणी कमी असेल तर बादलीखाली एका बाजूला पुस्तक ठेवून ती कलती करा, म्हणजे मासा पूर्ण बुडेल. अमोनिया बांधून ठेवणारं वॉटर कंडिशनर असेल तर बाटलीवरच्या मापाने आत्ताच घाला. नळीचं एक टोक टँकमध्ये, दुसरं बादलीत. तोंडाने हलकं ओढून पाणी सुरू करा आणि व्हॉल्व्ह आवळत सेकंदाला दोन-तीन थेंबांवर आणा. सुमारे २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे दोन थेंबांच्या वेगाने तासाला साडेतीनशे मिली आणि तीन थेंबांनी पाचशेच्या थोडं वर पाणी पडतं. पिशवीत अर्धा लिटर पाणी असेल तर तासाभरात ते दुप्पट होतं. दुप्पट झालं की अर्धं काढून टाका आणि पुन्हा दुप्पट होऊ द्या. आता मूळचं पाणी चौथा भाग उरलं.

यात एक चूक फार जणांकडून होते. तास-दीड तास लिटरभर पाणी उघड्या बादलीत राहतं, तेवढ्यात ते खोलीच्या तापमानाला येतं. जानेवारीतल्या रात्री किंवा एसीच्या खोलीत बादली २३ अंशांवर आणि टँक २७ वर, असं होतं. सुरुवातीला जुळवलेलं तापमान असं हातचं जातं. बादली थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि सोडण्याआधी पुन्हा मोजा. एका अंशाचा फरक चालतो, चार अंशांचा नाही.

शेवटी मासा मगाने किंवा मऊ जाळीने उचलून टँकमध्ये सोडा. बादलीतलं पाणी कुंडीत ओता, टँकमध्ये नाही.

पिशवीतलं थोडं पाणी टँकमध्ये गेलं तर?

चमचाभराने टँक बिघडत नाही. पण दुकानातल्या टँकमधले परजीवी आणि औषधांचे अंश त्यात असू शकतात, म्हणून मुद्दाम ओतू नका.

टीडीएस मीटर घ्यायलाच हवा का? आमचं पाणी तर चांगलं आहे.

घ्या. आरओच्या सर्व्हिसला येणारा माणूस वापरतो तोच पेनासारखा मीटर, काही शे रुपयांत मिळतो. पाणी चांगलं असणं आणि दोन पाणी सारखी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे. ८० चं पाणी आणि ४८० चं पाणी दोन्ही पिण्याजोगी, पण एकातून दुसऱ्यात टाकलेला मासा आजारी पडू शकतो.

शिवाय ‘ठाण्याचं पाणी’ असं एकच पाणी नाही. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवर आहे, काही पाणी स्टेम प्राधिकरणाकडून, काही एमआयडीसीकडून आणि काही मुंबई महापालिकेकडून येतं. नवी मुंबई महापालिकेचा मुख्य आधार मोरबे धरण. म्हणून कळव्याच्या मित्राचा आकडा घोडबंदर रोडवर लावू नका. आपला नळ आपणच मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन महिन्यांत अंदाज येतो.

मीटर फक्त क्षारांची बेरीज सांगतो. अमोनिया, नायट्राइट (अमोनियातून जिवाणू बनवतात तो विषारी पदार्थ) आणि पीएच यांसाठी थेंबांचा टेस्ट किट वेगळा लागतो.

उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं पाणी येतं. त्या दिवसांत मासे आणू का?

शक्यतो थांबा. टँकरचं पाणी अनेकदा बोअरवेलचं असतं, आणि टाकीत ते नळाच्या पाण्यात मिसळतं. सोमवारी शंभर असलेला आकडा गुरुवारी चारशे झाला तर टँकमधल्या जुन्या माशांनाही त्याचा ताण बसतो. त्यात नवा मासा आणला तर नेमकं काय बिघडलं हे कळतच नाही. घोडबंदर पट्ट्यात एप्रिल-मे हे दिवस सांभाळून काढायचे. टँकर येणार असं कळलं की आदल्या रात्री दोन झाकणाच्या ड्रममध्ये नळाचं पाणी भरून ठेवा. पाणी बदलताना ते वापरा आणि एका वेळी १०-१५ टक्क्यांहून जास्त बदलू नका.

दुकानातलं पाणी जड आणि तुमचं हलकं असेल तर असं करा. वेगळ्या २० लिटरच्या टबात नळाचं क्लोरीन काढलेलं पाणी घ्या आणि त्याचा टीडीएस पिशवीतल्या पाण्याइतका करा. साधं खडे मीठ लिटरला १ ग्रॅम घातलं की आकडा सुमारे हजाराने वाढतो. ३०० वाढवायचे असतील तर २० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. मिठाने कॅल्शियम मिळत नाही, पण क्षार गमावण्याचा ताण हलका होतो. मग रोज टबातलं पाचवा भाग पाणी काढून साधं पाणी घालत जा. आठवड्याभरात आकडा टँकच्या आसपास येतो.

मग आरओचं पाणीच वापरलं तर?

नुसतं आरओचं नको. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच उरत नाहीत आणि पीएच एके दिवशी अचानक घसरतो. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी तर अजिबात नको. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

क्लोरीन काढायला बादली रात्रभर उघडी ठेवतो. पुरे ना?

साधं क्लोरीन असेल तर २४ तास उघडं ठेवून किंवा एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड) लावून काही तासांत उडतं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तसं उडत नाही, म्हणून अँटी-क्लोर घालणं बरं. सोडियम थायोसल्फेटचे खडे आणून द्रावण घरीही करता येतं: १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा आणि २० लिटरच्या बादलीला २ मिली घाला, नेहमीच्या क्लोरीनला एवढं पुरतं. मात्र क्लोरामाइन तुटलं की अमोनिया मोकळा होतो. त्यासाठी अमोनिया बांधणारं कंडिशनरच लागतं.

लिफ्टपाशी ‘पाण्याची टाकी धुणार आहेत’ अशी नोटीस लागली तर तिकडे लक्ष द्या. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात आणि नंतरच्या पहिल्या पाण्याला तिचा वास येतो. ते पाणी दोन दिवस टँकला लावू नका, आणि त्याच शनिवारी नवे मासेही आणू नका. पावसाच्या सुरुवातीला नळाला गढूळपणा आणि क्लोरीनचा वास दोन्ही वाढतात, तेव्हाही हेच.

कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटहून मासे लोकलने आणायचे आहेत. काय काळजी घ्यावी?

पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन हवा. ‘पाणी जास्त भरा’ असा आग्रह दुकानात धरू नका, प्रवासात माशाला वरचा वायू जगवतो. दुहेरी पिशवी मागा. खालचे दोन कोपरे रबर बँडने बांधून गोल करून घ्या, नाहीतर लहान मासे कोपऱ्यात अडकून चेंगरतात. पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. अंधारात मासा शांत राहतो, आणि शांत मासा ऑक्सिजन कमी वापरतो.

गर्दीची वेळ टाळा. रविवारी सकाळी लवकर जाऊन ऊन चढायच्या आत परत या. कुर्ल्याहून ठाण्याला मध्य रेल्वेने आणि वाशीला हार्बरने सरळ येता येतं. ऐरोली-घणसोलीकरांनी ठाण्याला ट्रान्सहार्बरची गाडी बदलायचा वेळही हिशोबात धरावा. गाडीने येत असाल तर पिशवी एसीच्या झोताखाली किंवा डिकीत ठेवू नका.

ऑनलाइन मागवलेले मासे दोन दिवसांनी पार्सलने आले. यांना ठिबक किती तास लावू?

लावूच नका. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण पहिल्या उत्तरातच आहे. २४ ते ४८ तास बंद राहिलेल्या पिशवीत अमोनिया भरपूर आणि पीएच खाली असतो. ती उघडून तासभर ठिबक लावणं म्हणजे माशाला चढत्या विषात बसवून ठेवणं.

इथे तयारी आधी करायची. पाठवणाऱ्याला त्याच्याकडच्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच विचारून घ्या, आणि मघाच्या रीतीने टबातलं पाणी त्याच्या जवळ आणून ठेवा. पार्सल आलं की बंद पिशवी २०-३० मिनिटं टबात तरंगवा. मग उघडा, मासा लगेच जाळीने काढून टबात सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. पुढे हळूहळू टँकच्या पाण्याकडे न्या. खोकं उघडताना खोलीतला दिवा मंद ठेवा. दोन दिवस काळोखात असलेला मासा ट्यूबलाइटच्या झळीत बिथरतो आणि पिशवीला धडका देतो.

क्वारंटाइन खरंच करायला हवं? वन बीएचकेमध्ये दुसरा टँक कुठे ठेवू?

दुसरा टँक लागत नाही. २५-३० लिटरचा झाकणाचा पारदर्शक प्लास्टिक टब पुरतो. ओट्याखाली किंवा बेडच्या बाजूला मावतो आणि काम झालं की धुऊन वाळवून माळ्यावर जातो. त्यात स्पंज फिल्टर, छोटा हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे ठेवा. खडी घालू नका, म्हणजे विष्ठा आणि उरलेलं खाणं दिसतं. स्पंज आधी तीन-चार आठवडे मुख्य टँकमध्ये ठेवलेला हवा, तरच त्यात अमोनिया खाणारे जिवाणू असतात. कोरा स्पंज लावून ‘क्वारंटाइन करूनही मेला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिथे मासा टबातल्या अमोनियानेच गेलेला असतो.

चार आठवडे ठेवा. अगदीच जमत नसेल तर दोन, त्याहून कमी नको. आजार दिसत नसताना औषधं घालू नका. टबाची जाळी आणि सायफनची नळी वेगळी ठेवा, ओली जाळी आजार घेऊन फिरते.

माझे जुने मासे वर्षानुवर्षं ठणठणीत आहेत. नवा आणला की तोच का मरतो?

कारण जुने मासे बिघडलेल्या पाण्याला हळूहळू सरावले आहेत. आपलं हलकं पाणी पीएच फार काळ धरून ठेवत नाही. महिनोन्महिने नुसतं वरून पाणी घालत राहिलं, बदललं नाही, तर नायट्रेट (नायट्राइटचं पुढचं, कमी विषारी रूप) चढत जातं आणि पीएच सहाच्या खाली जातो. जुन्या माशांनी हा उतार वर्षभरात पार केलेला असतो, नव्याला तो एका तासात उतरावा लागतो.

आता घाबरून अर्धा टँक एकदम बदलू नका. इतक्या कमी पीएचला फिल्टरमधले जिवाणू मंदावलेले असतात आणि पाण्यात अमोनियम साचलेलं असतं. वरून साडेसात पीएचचं ताजं पाणी पडलं की त्याचा अमोनिया होतो आणि त्यात जुने मासेही जातात. दर दोन दिवसांनी १० टक्के असं दोन-तीन आठवडे बदला. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० च्या खाली आणि पीएच स्थिर झाला की मगच नवा मासा.

नवा टँक आजच भरलाय. मासे उद्या आणू?

नाही. फिल्टरमध्ये जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या माणसाच्या चालू टँकमधला न धुतलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. दोन फूट बाय एक बाय एकचा टँक कागदावर ५६ लिटरचा, खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर ४५-५० चा. त्यात सुरुवातीला तीन-चार लहान मासे, पुढचे दोन आठवड्यांनी.

कोणत्या माशांना वेगळी वागणूक लागते?

कोरीडोरास आणि इतर कॅटफिशच्या परांना काटे असतात. ते जाळीत अडकतात आणि पिशवी फोडतात, म्हणून त्यांना मगाने उचला. घाबरलेला कोरी विषारी स्रावही सोडतो, त्याचं पिशवीतलं पाणी चुकूनही टँकमध्ये नको. चेरी श्रिंपला दोन-तीन तास ठिबक द्या, सेकंदाला एक थेंब. तांबं असलेलं औषध पूर्वी वापरलेल्या टँकमध्ये त्यांना सोडू नका. बोटिया आणि इतर लोच माशांना मीठ आणि औषधं निम्म्या मापाने. बेटा वरची हवाही घेतो, त्याच्या पिशवीत मोकळी जागा हवीच. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, त्याला २८ अंशांच्या टँकमध्ये जुळवत बसण्यात अर्थ नाही.

मिस केरला हा पश्चिम घाटातल्या वाहत्या, गार, ऑक्सिजनने भरलेल्या ओढ्यांचा मासा. ठाण्यात मे महिन्यात बंद फ्लॅटमधला टँक सहज ३१-३२ अंशांवर जातो. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. हा मासा घ्यायचा तर पावसाळा सुरू झाल्यावर घ्या, आणि चिलर किंवा पंख्याची सोय आधी करा.

सोडल्यावर मासा वर येऊन धापा टाकतोय. काय करू?

एअर पंप पूर्ण सोडा आणि लगेच अमोनिया, नायट्राइट मोजा. काही निघालं तर तेवढ्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने २५ टक्के बदला (पीएच सहाच्या खाली असेल तर मात्र मघाची सावध रीतच). दोन्ही शून्य असतील आणि फक्त नवाच मासा धापा टाकत असेल, तर पिशवीतल्या अमोनियाने कल्ले भाजले असण्याची शक्यता मोठी. अंधार, भरपूर हवा आणि स्वच्छ पाणी यापलीकडे त्यावर झटपट उपाय नाही. वारंवार पकडू नका.

पांढरे ठिपके दिसले तर?

मिठाच्या कणाएवढे ठिपके म्हणजे बहुधा इक हा परजीवीमुळे होणारा आजार. अंगावरच्या ठिपक्यात औषध पोचत नाही, परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतो तेव्हाच मरतो. म्हणून तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० वर न्या, हवा वाढवा, खडे मीठ लिटरला १-२ ग्रॅम द्या. त्याने आटोक्यात येत नसेल तर बाटलीवरच्या मापाने औषध. ठिपके गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवा. मिथिलीन ब्लू टबातच वापरा. मुख्य टँकमध्ये ते फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं.

जुने मासे नव्याला मारतात. काही उपाय?

सोडण्याआधी दगड, लाकूड, झाडांची जागा बदला, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. जुन्यांना आधी खायला घाला. भांडखोर जाती सगळ्यांत शेवटी आणा.

हा मासा नकोसा झाला तर मासुंदा किंवा उपवन तलावात सोडू का?

कधीही नाही. काच साफ करायला आणलेला सकर फूट-दीड फुटाचा होतो, तलावात काठ पोखरतो आणि तिथल्या माशांची अंडी खातो. दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्याला द्या.

पहिल्या रात्री काय करायचं?

दिवा दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. २४ तास खाणं नाही, दुसऱ्या दिवशी चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. महावितरणचा बिघाड झालाच तर म्हणून पॉवर बँकवर चालणारा यूएसबी एअर पंप हाताशी ठेवा. आणि झाकण घट्ट लावा, वायरींसाठी ठेवलेली फट स्पंजच्या तुकड्याने बुजवा. बिथरलेला मासा बहुतेक पहिल्या रात्रीच उडी मारतो. सकाळी लादीवर सापडला आणि अंग अजून ओलसर असेल तर हात ओले करून त्याला उचला आणि टबात एअर स्टोनच्या बुडबुड्यांजवळ सोडा. काही जण दहा-पंधरा मिनिटांत कल्ले हलवायला लागतात.